पत्र्यावरची थाप

मोठ्या माणसांना शिकवायचं असेल तर आल्या आल्या शिकवायला लागू नये. लहान मुलं ऐकून घेतात, त्यांना पर्याय नसतो. मोठी माणसं हाताची घडी घालून बसतात आणि ही बाई कधी थांबणार याचा अंदाज घेत राहतात. कारखान्यांतल्या कामगारांना सुरक्षेचं प्रशिक्षण देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. राहते नांदेडला, काम जिनिंग, तेलगिरणी, साखर कारखाना, जिथून बोलावणं येईल तिथं. या कामात मी चांगली आहे. दुसऱ्या कुणी तसं म्हणायची वाट बघत बसले तर आयुष्य निघून जाईल, म्हणून मीच म्हणते.

माझ्याबरोबर एक पेटी असते. नांदेडच्या एका लेथवाल्या चाचांनी ती बनवून दिली. लाकडी पाटावर छोटी मोटर, दोन चाकं आणि त्यांवरून फिरणारा पट्टा. चाचांनी ती पहिल्यांदा चालू केली आणि विचारलं, "मॅडम, ये सिखाने का है के डराने का?" मी म्हटलं, आधी डराने का, बाद में सिखाने का. फिरत्या पट्ट्यात ज्वारीचं धाट सरकवलं की काडकन आवाज येतो आणि धाटाचा चोथा पलीकडून बाहेर पडतो. बोटांविषयी मला वेगळं काही बोलावं लागत नाही. हाताच्या घड्या आपोआप सुटतात.

लातूरच्या एका डाळ मिलच्या मालकानं मला दसऱ्याच्या आधी बोलावलं. तरुण, शिकलेला माणूस. मिलमध्ये एका बाईचा पदर एलिव्हेटरच्या पट्ट्यात गेला होता. एलिव्हेटर म्हणजे तूर खालून वर चढवणारी डब्यांची माळ. पट्ट्यावरची लोखंडी जाळी टरफलं अडकतात म्हणून कुणीतरी काढून ठेवलेली. पदराची पिन तुटली, ब्लाउज फाटला, खांदा सोलला आणि बाई मागं पडली म्हणून वाचली. मालक घाबरला होता. त्यानं ठरवून टाकलं होतं की मशीनवर यापुढे बाप्येच ठेवायचे आणि बायकांना निवडायच्या हॉलमध्ये पाठवायचं. त्या जागेसाठी एक माणूसही बघून ठेवलेला. मी त्याला म्हटलं, पट्टा बाई बघत नाही आणि बाप्या बघत नाही, जाळी आजच बसवा, आणि मला दसऱ्यापर्यंत वेळ द्या. तो म्हणाला, "दसऱ्यापर्यंत बघतो."

जिचा पदर गेला ती किल्लारीकडची. चाळिशीची, उंच, बोलायला फटकळ. निवडायच्या हॉलमध्ये वर्षानुवर्षं मांडी घालून बसून तिचे गुडघे गेले होते. मग तिनं मिस्त्रीच्या मागं लागून मशीन शिकून घेतलं आणि एलिव्हेटर सांभाळायला लागली. गावात तिला मशीनवाली म्हणायचे. ते नाव तिला फार आवडायचं, हे तिनं मला पहिल्याच भेटीत सांगितलं आणि लगेच विचारलं, "मॅडम, तुमी मला वाचवायला आल्या का काढायला?" मी म्हटलं, अजून बघितलं नाही.

शिकवायच्या आधी मी नुसती उभी राहून बघते. त्या दिवशी जाळी बसवून झाली होती, मिल धडधडत होती, सगळ्या जणी नीट काम करत होत्या. पदर खोचलेले होते. मला चूक सापडत नव्हती. दुपारी थोरले मालक आले, या तरुणाचे वडील. जुन्या वळणाचे गृहस्थ. आपल्याकडे घरात शिरताना म्हातारी माणसं खाकरतात, सुनांना पदर सावरायला वेळ मिळावा म्हणून. मिलच्या आवाजात खाकरणं कुणाला ऐकू जाणार? म्हणून ते दाराच्या पत्र्यावर काठी वाजवायचे. दोनदा, ठण्ण ठण्ण. आणि त्या आवाजासरशी मिलमधल्या प्रत्येक बाईनं कमरेचा पदर ओढून काढला आणि डोक्यावर घेतला. हात वर, पदर मोकळा, मान खाली. मशीन चालूच.

म्हणजे तो भला माणूस बायकांची अदब राखायला जे करत होता, नेमकं त्यानंच प्रत्येक पदर हवेत जायचा. विचारलं तेव्हा कळलं की अपघातही काठी वाजल्यावरच झाला होता. ते कुणी मालकाला सांगितलं नव्हतं. थोरल्या मालकांवर बोल कोण ठेवणार?

दुसऱ्या दिवशी मी मशीन बंद करायला लावलं, मिस्त्रीनं मशीनच्या मेन स्विचला कुलूप घातलं आणि सगळ्यांना आपापल्या जागी उभं केलं. कुणाला काही न सांगता पत्रा वाजवला. हात वर गेले. मी म्हटलं, तसेच राहा, आता पदराचं दुसरं टोक कुठं आहे ते बघा. कुणाचं चाळणीच्या दांड्यावर होतं, कुणाचं चाकाजवळ. मशीनवालीचं जाळीच्या कडेला, जिथून टरफलं काढायला फट ठेवलेली असते तिथं. मग मी पेटी काढली आणि जुन्या साडीची पट्टी पट्ट्याजवळ नुसती धरली. पट्टी माझ्या हातातून गेली कधी ते मलाही कळत नाही, आणि मी ते नेहमी करते.

मिस्त्री म्हणाला, बायांना डोकंच न्हाई, कशाला मशीनवर घ्यायचं. मशीनवाली त्याच्याकडे न बघता म्हणाली, "डोकं हाय म्हणून तर झाकतो, मिस्त्रीमामा. तुमाला झाकायची गरज पडली न्हाई कधी."

हशा झाला. हसलेली माणसं लवकर शिकतात, म्हणून मी तो संपू दिला. मग विचारलं की शेतात कापूस वेचताना, तूर कापताना काय घालता. सगळ्यांनी सांगितलं, साडीवरून नवऱ्याचा शर्ट आणि डोक्याला गच्च टॉवेल. मग इथं का नाही? एक वयस्कर बाई म्हणाली, शेतात काटे असतात, इथं मोठी माणसं असतात.

उत्तर तिथंच होतं, पण मी ते दिलं नाही. मोठ्या माणसांनी स्वतः ठरवलेलं टिकतं, दुसऱ्यानं दिलेलं भिंतीवरच्या पाटीसारखं राहतं. त्यांचं बराच वेळ चाललं. थोरल्या मालकांना येऊ नका म्हणायचं का, इथपासून सुरुवात झाली. शेवटी मशीनवालीनंच सांगितलं की टॉवेल सकाळीच बांधला तर डोकं दिवसभर झाकलेलंच राहतं, आणि पदर शर्टाच्या आत. मग कुणी आलं काय, गेलं काय. मी म्हटलं, आणि नमस्कार करायचा असेल तर? ती म्हणाली, आधी मशीन बंद.

ठरवणं सोपं असतं. हाताला ते माहीत नसतं. लग्न झाल्यापासून जो हात वर जातोय तो एका बैठकीनं खाली राहत नाही. म्हणून मी मशीन बंद असताना अधूनमधून पत्रा वाजवायचं काम मिस्त्रीला दिलं. ज्या बाईचा हात वर जाईल तिनं उखाणा घ्यायचा. पहिल्या दिवशी इतके उखाणे झाले की लग्नघर वाटलं. पुढच्या वेळी मी लातूरला गेले तेव्हा नवीन उखाणे संपले होते आणि जुने चालणार नाहीत असा नियम झाला होता. एकदा पत्रा तरुण मालकानंच वाजवला आणि मिस्त्रीनं गडबडीत टोपी काढली. त्याला बायकोचं नाव घ्यायला लावलं. चांगलं घेतलं त्यानं.

खंडेनवमीला मला आमंत्रण होतं. मशीन धुऊन पुसून लख्ख, झेंडूचे हार भिंतीला, फिरत्या भागापासून लांब. ते कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर सगळ्यांनी मशीनवालीकडे बोट दाखवलं. बायका नव्या साड्या नेसून आल्या होत्या आणि त्यांवर शर्ट, टॉवेल. तरुण मालकाची बायको म्हणाली, आजच्या दिवशी तरी काढा ते, फोटो काढायचेत. मशीनवाली म्हणाली, मशीन चालू करायचंय ना वहिनी, मंग राहू द्या, फोटोत शर्ट चांगला दिसतो. मालकानं बघून ठेवलेला माणूसही आला होता. नवा गमछा टाकून तो एलिव्हेटरच्या शेजारीच उभा.

पूजा झाली, नारळ फुटला, मशीन चालू झालं. थोरले मालक नवरात्राआधीच माहूरला देवीला गेले होते, ते तिकडून थेट मिलवर आले. हातात प्रसादाची पिशवी. दारात थांबले आणि काठी वाजवली. ठण्ण ठण्ण.

एकही हात हलला नाही.

त्यांना वाटलं ऐकू गेलं नसेल. त्यांनी पुन्हा वाजवली, जोरात. मी भिंतीशी उभी होते. मशीनवालीची नजर पट्ट्यावर होती. तिनं हात लांबवून लाल बटण दाबलं. डब्यांची माळ हळू झाली, आणखी हळू झाली, थांबली. ती पूर्ण थांबेपर्यंत ती जागेवरून हलली नाही. मग पुढे आली आणि वाकून नमस्कार केला.

"ऐकू आलं न्हाई का?" थोरल्या मालकांनी विचारलं.

"आलं की मालक. पयल्याच खेपेला आलं. पण मशीन चालू होतं."

त्यांनी मशीनकडे पाहिलं. तिच्या सोललेल्या खांद्याची गोष्ट त्यांना कुणीतरी सांगितली असावी किंवा आत्ता त्यांची त्यांनाच जुळली असावी. मी विचारलं नाही. काठी त्यांनी दाराला टेकवून ठेवली. मुलाला म्हणाले, "हिच्या जागी दुसरा माणूस कशाला? त्याला पोती उचलायला दे." मग तिच्याकडे वळून विचारलं, प्रसाद वाटू का आता? ती म्हणाली, वाटा, बंद हाय.

माहूरचा तांबूल पहिला तिला मिळाला, मग बाकीच्यांना. मलाही मिळाला. तरुण मालकानं पुढच्या वर्षी आणखी दोन मिलवाल्यांशी गाठ घालून देतो म्हणून सांगितलं. मी पेटी खांद्याला अडकवली आणि नांदेडची बस गाठायला निघाले. मागं मशीन पुन्हा धडधडायला लागलं होतं. दारातून बाहेर पडताना मी पत्र्यावर सणसणीत थाप मारली.

कुणीही हात वर केला नाही. मला निरोप द्यायलासुद्धा नाही. इतकी खूश होऊन मी कुठल्याच मिलमधून निघाले नव्हते.