बिरसीचं विमान

हे आजवर कोणालाच सांगितलं नाही — बायकोलाही नाही. आज पहिल्यांदा तुम्हाला सांगतो आहे.

मी एकोडीचा. तीस वर्षं लाइनमन होतो. वादळात खांबावर चढलो, पावसात चढलो. गाव म्हणतं, याला भेव कशाचं ते माहीतच नाही. मीही ते ऐकून घेत आलो — का नाही घेणार?

माझी लहान बहीण लता हैदराबादला राहायची. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी तिचा फोन आला. नवऱ्याला हार्टअटॅक आला होता. दवाखान्यात ती आणि तिची चौदा वर्षांची प्राची, दोघीच.

"दादा, तू ये. इथं डॉक्टर काय बोलतात ते मले समजत नाही. लय भेव लागून राह्यलं."

रेल्वेनं गेलो तर दुसरा दिवस उजाडणार. पण गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून दुपारी विमान होतं. अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास, प्रवास सव्वा-दीड तासाचा. शेजारच्या गुरुजींनी मोबाइलवर तिकीट काढून दिलं. लताला कळवलं — दिवस मावळायच्या आत पोचतो. ती म्हणाली, "मंग मी धीर धरतो."

बिरसीला पोचलो. तपासणी झाली. काचेतून विमान दिसलं — लहानसं, पंख्यांचं. आणि... कसं सांगू? खांबावर कमरेला पट्टा असतो, पायाखाली लोखंड असतं, लाइन मी स्वतः बंद केलेली असते. इथं दीड तास माझ्या हातात काहीच असणार नव्हतं. तळवे ओले झाले. लोक रांगेत लागले, मी बसून राहिलो. माझं नाव दोनदा पुकारलं. उठलो — आणि मागं फिरलो. तब्येत बरी नाही म्हणालो.

फाटकाबाहेर उभा होतो तेव्हा विमान डोक्यावरून गेलं. अगदी वेळेवर. ते दिसेनासं झाल्यावर लताला फोन लावला.

"विमान रद्द झालं वं, लता."

ती म्हणाली, "तू तरी काय करशील, दादा? रेल्वेनं ये."

तिचा नवरा त्याच संध्याकाळी गेला. त्याआधी डॉक्टरांनी पुढं केलेल्या कागदावर तिनं एकटीनं सही केली. काय लिहिलं होतं, तिला आजही ठाऊक नाही. मग मायलेकी शवागाराबाहेरच्या बाकावर बसून राहिल्या, दुसऱ्या दिवशी मी पोचेपर्यंत. मला पाहून लतानं आधी काय विचारलं असेल?

"जेवला का, दादा?"

आता दोघी इथं, आमच्या शेजारच्याच घरात राहतात. परवा प्राची म्हणाली, "मामा, जुनी विमानंबी मोबाइलवर दिसतात. कोणतं उडालं, कोणतं नाही. त्या दिवशीचं पाहू का?"

लताच तिच्यावर ओरडली, "ठेव तो मोबाइल! मामाले कायले तरास देतं?"

प्राचीनं मोबाइल ठेवला. पण माझ्याकडं पाहत राहिली. नंतर तिनं शोधलं असेल का? तिच्या हातात मोबाइल दिसला की मी उठून अंगणात जातो.

लता मात्र आल्यागेल्याला अजूनही सांगते — विमान रद्द नसतं झालं तर माझा दादा माझ्यापाशी राह्यला असता. मी तिथंच बसलेला असतो. मान डोलावतो.