न हललेल्या होडीचा सत्कार

आता आपल्याच तोंडाने आपली फजिती सांगायची म्हणजे… पण तुम्ही चहा पाजलात, तेव्हा ऐकाच!

शहाऐंशी-सत्त्याऐंशीचं साल असेल. रत्नागिरीत आमच्या मच्छीमार सोसायटीत मी तात्पुरता कारकून. नुकताच पंधरा दिवसांचा कॉम्प्युटर कोर्स करून आलेलो, त्यामुळे पाय जमिनीवर कुठले टेकायला! चेअरमन तात्या म्हणाले, "वार्षिक सभेत कुठल्या होडीने किती मासळी आणली त्याचा आलेख दाखव. जमलं तर तुला कायम करतो."

जमलं तर? अहो, डाव्या हातचा मळ! पहिल्या रकान्यात होड्यांची नावं, शेवटच्यात मासळीचे टन. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सरसकट निवडलं आणि छापलं. काय झोकात खांब उभे राहिले! त्यांच्या पायाशी बारीक ठिपके होते. प्रिंटरची शाई उडाली असेल, म्हणून मी ते रबराने खोडून टाकले.

सभेत सगळ्यात उंच खांब निघाला 'जलराणी'चा. टाळ्या! तात्यांनी तिच्या मालकाला, धर्माकाकांना, शाल-नारळ दिला.

काका गोंधळले. "अवो, माजी होडी हंगामभर किनाऱ्यावर हाय! इंजिन खोलून ठेवलंय!"

"बघा, केवढा विनय!" तात्या गहिवरले.

आणि मी शहाणा काय म्हणालो? "काका, माणूस चुकेल, कॉम्प्युटर चुकत नाही!"

पुन्हा टाळ्या! काका शाल सावरत खाली बसले.

तेवढ्यात मासळी विकणारी शेवंतामावशी उठली. आलेखाला नाक लावून तिने खांबावरचा आकडा वाचला आणि माझ्याकडे वळली.

"मेल्या, ही मासळी नाय! हा जलराणीवर रंगवलेला नंबर हाय!"

झालं! मधल्या रकान्यात होड्यांचे नोंदणी नंबर होते आणि तो रकाना वगळायचं मी विसरलो होतो. जिचा नंबर मोठा, तिचा खांब उंच! हजारांच्या त्या खांबांपुढे पाच-दहा टनांचे बिचारे ठिपके झाले होते. म्हणजे खरी मासळी मी रबराने पुसली होती हो!

हसून हसून सभा आडवी झाली. तात्या मात्र लालबुंद.

"ह्याला कायम करावा असं कुणाला वाटतंय? हात वर करा!"

मी आशेने सगळीकडे बघितलं. अख्ख्या सभेत एकच हात वर आला.

दुसऱ्या हाताने शाल घट्ट धरून बसलेल्या धर्माकाकांचा!