एकाच मंगळवारचे दोन व्रण

माझा मावसभाऊ क्वेजिर आमच्या होडीचा तांडेल होता. लाट कुठे फुटणार हे त्याला पाण्याच्या रंगावरून कळायचं. त्याला हर्निया होता. आमच्या शामा गावच्या किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणाऱ्या निम्म्या लोकांना असतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण क्वेजिरचा चांगला नारळाएवढा. खलाशी म्हणायचे, "तांडेल, तुमच्या कमरेच्या कापडात एक फुकटा बसलाय. वल्हं मारत नाही, मासे मात्र खातो." त्यावर क्वेजिर म्हणायचा, "हळू बोला रे. मालकाचा माणूस आहे तो, तुमच्यावर नजर ठेवायला पाठवलाय."

त्याला ऑपरेशनला मी नेलं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सांगताना जीभ अडखळेल.

मंगळवारी समुद्र आमचा नसतो. त्या दिवशी कुणी जाळं भिजवत नाही. माणसं किनाऱ्यावर बसून जाळी सांधतात, भांडणं मिटवतात. म्हणून हर्नियाची ऑपरेशनं करायला बाहेरगावचे डॉक्टर बरोबर मंगळवारीच आले. हर्निया मलाही होता, पण माझी गाठ लिंबाएवढी. मी लगेच तयार झालो. क्वेजिर मात्र म्हणाला, "बाहेर दिसतंय ते बरं आहे, एबो. आत काय घालून ठेवतील कुणाला ठाऊक?"

"दादा, लाटेला भीत नाहीस आणि सुईला भितोस?" मी सगळ्यांसमोर म्हणालो. मग काय, त्याला यावंच लागलं.

नर्सने आम्हाला आत बसवायची जाळी दाखवली. मच्छरदाणीचा तुकडाच म्हणा. क्वेजिरने ती चिमटीत धरून उन्हात पाहिली. "गाठ नाही, कडेला दोर नाही. हे विणलं कुणी? माझ्या होडीवर असता तर हाकलला असता." नर्स खूप हसली. आधी तो आत गेला, मग मी. डॉक्टर तोच, जाळी तीच, दिवसही तोच.

दोन महिन्यांत मी रापण ओढू लागलो. क्वेजिरची गाठ गेली आणि तिच्या जागी दुखणं येऊन बसलं. जांघेतून मांडीच्या आतपर्यंत कुणीतरी एकच धागा धरून ओढतंय, असं तो सांगायचा. खोकला की ओढायचं, बिछान्यातून उठताना ओढायचं, कमरेच्या कापडाची गाठ टेकली तरी ओढायचं. बसायचा तो एका कुल्ल्यावर. हसणंही जपून.

त्याची बायको आराबा आमच्या रीतीप्रमाणे तिच्या आईकडे राहते आणि संध्याकाळी नवऱ्याकडे जेवण घेऊन येते. पूर्वी ती आली की सकाळीच जायची. आता भांडं ठेवून दारातच उभी राहायची. एकदा मला म्हणाली, "नुसता हात लागला तरी ओरडतात, भावजी. मी काय करू? मक्याच्या पिठाचे केंके उकडू की रडत बसू?" 

मोठ्या दवाखान्यात आम्ही तीनदा गेलो. पहिला डॉक्टर म्हणाला, ऑपरेशन उत्तम झालंय. दुसराही तेच म्हणाला. तिसऱ्या डॉक्टरबाईंनी निदान नीट तपासलं. जाळीत एखादी शीर अडकली असेल, म्हणाल्या. पण आता जाळी काढणं घालण्यापेक्षा अवघड, आणि काढूनही दुखणं जाईलच असं नाही. गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की क्वेजिरला होडीतच झोप यायची, म्हणून त्याने त्या बंद केल्या. प्रार्थनेचं तेल झालं, पाल्याचा लेप झाला. मी आपला दर वेळी "होईल कमी" म्हणत राहिलो. पुढे पुढे माझं मलाच ते ऐकवेना.

"गाठ होती तेव्हा बरं होतं," तो एकदा म्हणाला. "लोकांना दाखवता तरी येत होती."

अशी दोन वर्षं गेली. मग ऑगस्टात, माशांच्या ऐन हंगामात, लाटा ओलांडताना क्वेजिरने सुकाणूचं वल्हं छातीशी आवळलं, आणि नेमकी तेव्हाच कळ आली. वल्हं सुटलं. होडी आडवी झाली. माणसं वाचली, पण अख्खं जाळं गेलं.

पुढच्या मंगळवारी छपराखाली पंचायत बसली. नाना एदू आमच्या किनाऱ्याचे मुखिया. आमच्याकडे आजारी तांडेलाचं नाव होडीवर राहतं. बरा होईपर्यंत दुसरा कुणी वल्हं धरतो. पण जो समुद्राला भ्याला, त्याला वल्हं स्वतःच्या हाताने दुसऱ्याला द्यावं लागतं, आणि ते पुन्हा कधीच मिळत नाही. क्वेजिर आजारी की भ्यालेला, एवढंच ठरायचं होतं.

ओतू नावाचा खलाशी उठला. "नाना, मी वाईट बोलत नाही. पण एबोचंही तेच ऑपरेशन झालंय. तो बैलासारखा ओढतो. मग यांनाच काय होतं?"

नानांनी आम्हा दोघांना कापडं सैल करायला लावली. दोन्ही व्रणांवरून बोट फिरवलं. माझा व्रण वेडावाकडा, गाठाळ. क्वेजिरचा म्हणजे एक बारीक सरळ रेघ. छपराखाली कुजबुज सुरू झाली. मला त्या सगळ्यांचा संताप आला, आणि त्या सरळ रेघेचाही.

नानांनी समुद्राचं पाणी माझ्या जिभेला लावलं. त्यानंतर खोटं बोलायचं नसतं.

"एबो, तुझं दुखतं का?"

एक 'हो' म्हटलं असतं तर क्वेजिरचं नाव राहिलं असतं. जिभेवर खारट चव होती.

"नाही, नाना. पण त्याचं दुखतं. मी डोळ्यांनी पाहिलंय, तो..."

"विचारलं तेवढं सांग."

"नाही दुखत."

मी खरं बोललो. पाण्याला भिऊन बोललो, की त्याच्यामागून नात्याने वल्हं माझ्याकडेच येणार हे ठाऊक होतं म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही.

क्वेजिर उठला. दोन टप्प्यांत उठला, आधी गुडघा, मग कंबर. त्याने वल्हं उचललं, आणि उचलताना त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो मी पाहिला. बाकीचे मान खाली घालून बसले होते. वल्हं माझ्या हातात देऊन तो होड्यांच्या आडोशाला गेला. मी मागे धावलो. त्याने मला शिव्या द्याव्यात, थोबाडीत मारावी, अशी माझी फार इच्छा होती.

तो जवळ सरकला आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "आता कुणी नाही इथे. खरं सांग. दोन वर्षं मला वाटत होतं, तू लपवतोयस. थोडंसं तरी दुखतं ना तुझं?"

मी व्रणावर अंगठा ठेवला आणि जीव खाऊन दाबला. आणखी दाबला. तो माझ्या तोंडाकडे बघत उभा होता.

"नाही, दादा," मी म्हणालो.