वरचं रान

ती घटना आठवली की आजही सहीसाठी उचललेलं माझं पेन जरा थांबतं.

माकणीच्या बाजूचं गाव. आमच्या पोलीस ठाण्यात निनावी अर्ज आला, की कृषी सहायक बाईंनी सरकारी प्रात्यक्षिकासाठी फुकट वाटायचं हरभऱ्याचं बियाणं शेतकऱ्यांना न देता परस्पर विकलं. निनावी अर्जावर मी सहसा भरवसा ठेवत नाही. लिहिणाऱ्याचा जुना राग त्यात असतोच. पण पाठोपाठ तपासणीचा अहवाल आला. बियाणं पेरलं म्हणून बाईंनी मोबाइलच्या नकाशावर बारा शेतांना खुणा केल्या होत्या. तपासणीवाले तिथं गेले, तर बाराही ठिकाणी ऊस. पाणी कुठंतरी मुरत होतं.

बाईंना बोलावलं. नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं.

"खुणा कुणी केल्या?"

"मीच, साहेब."

"शेतात जाऊन?"

बाई गप्प. गप्प माणूस दिसला की पोलिसाला गुन्हेगार सापडल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं. गुन्हा दाखल झाला असता तर त्यांची नोकरी गेलीच असती, आणि मी कागद तयार करायला घेतले.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा जबाब तेवढा राहिला होता.

"आजोबा, बियाणं मिळालं का?"

"मिळालं की. वरच्या रानात पेरलंय."

"खोटं बोलू नका. वरच्या रानात ऊस आहे." मी नकाशा पुढं केला.

त्यानं नकाशाकडं पाहिलंसुद्धा नाही. "ऊस खाली हाय साहेब, नदीकडंला. वर कशाला यील?" असं म्हणत त्यानं हात केला तो दक्षिणेला, माळाकडं.

मी चरकलो. गावात वर म्हणजे चढाकडं. नकाशात वर म्हणजे उत्तर, आणि उत्तरेला तर नदी. जीप काढली. माळावर बाराही रानांत हरभरा घाट्याला आला होता.

ठाण्यात परतून हे सांगितलं, तेव्हा बाई रडल्या. "फोनवर इचारलं साहेब, सगळे 'वरच्या रानात' म्हणाले, अन् ऑफिसात बसून नकाशात वर खुणा केल्या. रानात गेलेच न्हाय, हे सांगायची लाज वाटली."

मी चांगलाच रागावलो. मग टेबलावरचा माझा कच्चा पंचनामा दिसला. जागेच्या चतुःसीमा व्यवस्थित लिहिलेल्या, फक्त सह्या बाकी. त्या जागेवर मीही पाऊल टाकलं नव्हतं. अहवाल पुढं ठेवून, खुर्चीत बसून लिहिला होता.

तो पंचनामा मी बाईंसमोरच फाडला. पुढं निवृत्तीपर्यंत, कुणी वर, खाली, पलीकडं म्हणालं की मी जागेवर जाऊन म्हणायचो, "हातानं दाखवा." बाईंची चूक त्यांनी कबूल तरी केली होती. माझी मात्र आज पहिल्यांदा लिहितोय.