इलियासभाईंच्या खड्डीचा आवाज

पडद्याच्या दोन जुन्या अ‍ॅल्युमिनियम दांड्या कापून केलेली तिपाई. मुलीच्या लहान झालेल्या स्केट्सची चाकं पाटाला ठोकून केलेली, कॅमेरा सरळ रेषेत सरकवणारी गाडी. उन्हाची तिरीप अडवायला श्रीखंडाच्या डब्याचं, आतून काळा रंग दिलेलं झाकण. आणि वाऱ्याची घरघर थांबवायला माझ्या मफलरमधून शिवलेली माईकची टोपी, टाके माझेच. यातलं काही विकत मिळत नाही असं नाही, पण मिळतं ते माझ्या मापाचं नसतं. व्हिडिओ जोडणंही मी कुठल्या क्लासात शिकलो नाही. ऑफिसातून आल्यावर, चुकत चुकत शिकलो.

पानिपतला निघालो तेव्हा सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं, "पाहुणे कोण आलेत?"

प्रश्न रास्त होता. दिल्लीतल्या मराठी घरात महाराष्ट्रातून कोणी आलं की एक दिवस त्याला पानिपत दाखवायचं, हा रिवाजच आहे. मी स्वतः अकरा वेळा काला आंबला, म्हणजे तिसऱ्या लढाईच्या स्मारकाला, जाऊन आलोय. बाराव्यांदा मात्र मी विणकर बघायला निघालो होतो. काला आंबचा माझा व्हिडिओ इंटरनेटवर एक्केचाळीस वेळा पाहिला गेला होता. "त्यातले तीस तूच," असं सुनंदाचं म्हणणं. सव्वीस.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. आर. के. पुरमहून शनिवारी सकाळी साडेसहाला निघा, सातनंतर रिंग रोड तुमचा राहत नाही. सिंघू बॉर्डर ओलांडली की दोन्ही बाजूंना शेतं, आणि शेतांच्या मधोमध "लक्झरी अपार्टमेंट्स"चे फलक, ज्यांवर तलावाकाठी गोरं कुटुंब बसलेलं असतं. तिथे तलाव नाही, मी उतरून पाहिलंय. मुरथलला ढाब्यावर कांद्याचा पराठा खा. लोण्याचा गोळा मागावा लागत नाही, तो थांबवावा लागतो. दोघांचं खाणं शंभरच्या आत होतं. पुढे पानिपत तासाभरावर.

बाजारात खेस घेतला. खेस म्हणजे जाड सुती पांघरूण. मी त्याचा काठ उलटून धागे बघतोय हे पाहून दुकानदार म्हणाला, "साहब, ये मशीन का है. खड्डी देखनी है तो इलियासभाई के पास जाओ. जल्दी जाओ, उठने वाली है."

खड्डी म्हणजे जमिनीत खड्डा करून बसवलेला हातमाग. विणकर काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो. इलियासभाई साठीचे, सडसडीत, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा. मुलाने ती जागा पॉवरलूमवाल्याला भाड्याने द्यायचं ठरवलं होतं, महिनाभरात खड्डी बुजणार होती. मला वाटलं होतं ते कॅमेऱ्याला नाही म्हणतील. ते म्हणाले, "खींच लो. शबाना देख लेगी." शबाना त्यांची मुलगी, लग्न होऊन शारजाला गेलेली. चार वर्षांत तिचं येणं झालं नव्हतं.

मी दोन तास त्यांचे हात टिपले. घरी येऊन नऊ मिनिटं चाळीस सेकंदांचा व्हिडिओ केला. दहाच्या वर साइट घेत नाही. खडखडाट कानाला बोचत होता म्हणून तो काढून टाकला आणि वर पेटीवर मी वाजवलेला यमन घातला. पेटीही माझी मीच शिकलोय. व्हिडिओ चढवायला पाच तास लागले, त्यात एकदा वीज गेली आणि पहिल्यापासून सुरुवात. दुवा इलियासभाईंच्या पुतण्याला पाठवला, त्याने तो शारजाला.

चौथ्या दिवशी ऑफिसात फोन. इलियासभाई. आधी सुनंदाची, मुलीची खुशाली, मग, "साहब, शबाना कह रही है, अब्बू, हाथ आपके हैं, खड्डी किसी और की है. आवाज़ कहाँ गई?"

मी म्हटलं, आवाज आहे, मूळ टेपवर आहे, आजच पुन्हा जोडतो. घरी गेलो आणि आठवलं. टेप महाग, म्हणून मी एकच टेप पुन्हा पुन्हा वापरतो. त्या टेपवर रविवारीच मी कॉलनीतलं हळदीकुंकू घेतलं होतं. दोन तासांची खड्डी पुसून तिथे बायका वाण लुटत होत्या.

"तुझी शिस्त," सुनंदा म्हणाली. एवढंच. जास्त बोलली असती तर बरं झालं असतं.

इलियासभाईंना खरं सांगितलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "थान उतर गया है. हाथ भर ताना बचा है. काटा नहीं है अभी. जुम्मे को लकड़ी वाला आएगा."

म्हणजे विणलेलं कापड उतरलं होतं, मागावर हातभर उभे धागे उरले होते, आणि शुक्रवारी लाकूडवाला माग मोडून नेणार होता. बुधवार होता. गुरुवारी मी रजा टाकली. सुनंदाही आली, "या वेळी कॅमेरा तू धर, बटणं मी बघते" म्हणत. मुरथलला थांबलो नाही.

खड्डीवर उभे धागे खरंच हातभरच उरले होते. इलियासभाईंनी समजावलं, धागा नसताना माग नुसता हलवला तर आवाज पोकळ येतो, शबाना लगेच ओळखेल. म्हणजे विणायचं, आणि विणून संपलं की संपलं. फार तर दहा-बारा मिनिटं. त्यात शेजारी पॉवरलूम सुरू. भिंत थरथरत होती, माझ्या मफलरच्या टोपीचा काही उपयोग नव्हता.

इलियासभाई उठून शेजारी गेले. परत आले आणि म्हणाले, "पंद्रह मिनट. चाय पी रहे हैं." मागोमाग भिंतीपलीकडचं एकेक यंत्र थांबलं. चहाचे ग्लास घेऊन चार कारागीर दारात येऊन उभे राहिले, कोणी ग्लाससुद्धा खाली ठेवला नाही.

इलियासभाईंनी पाय खड्ड्यात सोडले. आडवा धागा घेऊन धोटा उजवीकडून डावीकडे गेला, त्यावर फणी बसली, पायाखालची पट्टी कुरकुरली. मी कानाला हेडफोन लावून डोळे मिटले. इतका स्वच्छ आवाज मला कधी मिळाला नव्हता. सातव्या मिनिटाला आतून त्यांच्या बायकोचा, नसीमभाभींचा आवाज आला, "सुनते हो, रोटी ठंडी हो रही है." आणि हात न थांबवता, वर न बघता इलियासभाई म्हणाले, "आया."

मी डोळे उघडून सुनंदाकडे असं पाहिलं की तिने तोंडावर पदर धरला. पुन्हा घ्यायला धागा नव्हता. थोड्या वेळात धोटा अडला. इलियासभाईंनी तो काढून हातात घेतला, पुसला आणि खाली ठेवला. शेजारचे कारागीर ग्लास घेऊन परत गेले. भाभी बाहेर येऊन मला म्हणाल्या, "माफ करना भाईसाहब. तीस साल की आदत है."

परतताना कर्नालच्या बाजूने येणाऱ्या ट्रकांमागे दोन तास अडकलो. मी हिशेब करत होतो की ती चार सेकंदं कशी कापता येतील. सुनंदा म्हणाली, "कापलंस तर मी तुझी पेटी विकीन."

कापलं नाही. पेटीही घातली नाही. शबानाने खाली रोमन लिपीत हिंदीत लिहिलं, की मी तीनदा पाहिलं आणि तीनही वेळा अम्मीच्या हाकेला उठायला निघाले.

तो व्हिडिओ आजवर चौदाशे जणांनी पाहिला. माझं गणित अचूक असतं, त्यात मी नऊ. त्या चौदाशेंत गुडगावच्या एका फर्निशिंग कंपनीचा माणूस होता. त्यांना गालिच्यांच्या जाहिरातीसाठी हात हवे होते, फक्त हात. आवाज काढून वर त्यांचं संगीत. हात माझे नाहीत म्हणून मी इलियासभाईंना फोन केला, पैसे सगळे तुमचे असंही सांगितलं. ते आता मुलाच्या दुकानात काउंटरवर बसतात.

"माल किसका है?" त्यांनी विचारलं.

"मशीन का," मी म्हटलं.

"तो मशीन की फ़िल्म खींच लें."

मी कंपनीला दोन ओळींत नकार कळवला. त्यांनी पंचवीस हजार रुपये देऊ केले होते.