बोटीवरचा शिंपी

सावर्ड्याच्या अलीकडे एका वाडीत संदेश भुवड राहतो, म्हणजे वर्षातले तीन-चार महिने राहतो. बाकीचे महिने तो बोटीवर. बोट म्हणजे मासेमारीची नव्हे. हजारो प्रवासी, पोहण्याचे तलाव आणि चौदा मजले असलेलं तरंगतं गावच ते. तिथे संदेश काय करतो असं कुणी विचारलं, की तो सरळ सांगतो, "शिंपी हाय." ऐकणाऱ्याचं तोंड उतरतं. त्याला कप्तान ऐकायचा असतो.

पण बोटीवरच्या माणसांना कपडे घालावे लागतात आणि कपडे उसवतात. वेटरची पँट बसताना फाटते, स्वयंपाक्याची बटणं तुटतात, पडदे निसटतात. अकराशे माणसांच्या गणवेशाला शिंपी एकच. सावर्ड्याच्या बाजारात बाबू टेलरच्या हाताखाली शिकलेला हा गडी अकरा वर्षं तेच करतोय, आणि सुखाने करतोय.

सल एकच. त्यांच्या वाडीत शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी दर तीन वर्षांनी घरोघर येते. लागोपाठ तीन खेपा पालखी संदेशच्या अंगणात नाचली आणि तिन्ही वेळा संदेश समुद्रात होता. त्याच्या वाटचा खांदा धाकट्या भावाने, दीपकने दिला. यंदा मात्र करार शिमग्याच्या आठवडाभर आधी संपत होता. बायकोला, ज्ञानेश्वरीला, त्याने छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "यंदा खांदा माझा."

आणि नेमकं तेव्हाच बोटीचं घर बदललं.

त्याचं असं आहे, की मालक एक आणि त्याच्या कंपन्या चार. प्रत्येकीचं नाव वेगळं, रंग वेगळा, गिऱ्हाईक वेगळं. पण बोटी सगळ्यांच्या मिळून. मालकाने युरोपातल्या एका गोदीत नवी बोट बांधायला टाकली. ती मिळणार थोरल्या कंपनीला. मग थोरलीची जुनी बोट, म्हणजे संदेशची, जाणार धाकटीकडे. संदेशने हे फोनवर समजावलं, तर ज्ञानेश्वरी म्हणाली, "कळला. थोरल्या जावंची साडी धाकटीला. आपल्या घरातल्यासारकाच."

"तसाच. पण साडीवरचा नाव बदलायचा कुणी? मीच!"

बोट दुरुस्तीला गोदीत चढली होती. तेवढ्या मुदतीत प्रत्येक गणवेशाच्या खिशावरचं थोरलीचं चिन्ह काढून धाकटीचं लावायचं होतं. काम पुरं झालं की संदेश मोकळा. त्याने हिशेब घातला. जुनं उसवायचं, धागे वेचायचे, सुयांची भोकं इस्त्रीने बुजवायची, मग नवं शिवायचं, एवढं करत बसलं तर शिमगा हातचा गेलाच.

तेव्हा त्याला आईची, सुंदराबाईची आठवण झाली. ती गोधडी शिवायला बसली की म्हणायची, "जुना उसवायचा नाय, त्याच्यावर नवा घालायचा. उब ऱ्हाते." संदेशने तेच केलं. नवं चिन्ह जरा मोठं होतं. जुन्याच्या डोक्यावर बसवलं, चारी बाजूंनी लांब टाका मारला, पुढचा सदरा घेतला. अकराशे सदरे आणि कोट दहा दिवसांत हातावेगळे! स्वतःवरच खूश होऊन त्याने घरी फोन करून नारळ आणून ठेवायला सांगितलं.

घाईत केलेलं काम दोनदा करावं लागतं, हे त्याला बाबू टेलरने कितीदा सांगितलं असेल. दुसऱ्या दिवशी कपड्यांचं खातं सांभाळणाऱ्या सिल्व्हानाबाई आल्या. इटलीची बाई, डोळ्यांनी टाका मोजणारी. त्यांनी एका कोटाचा खिसा चिमटीत धरला आणि त्यांच्या भुवया चढल्या.

"हा खिसा इतका जाड का?"

संदेशने खोटं सांगितलं नाही. आमच्याकडे गोधडी अशीच शिवतात, म्हणाला. बाईंना गोधडी कळेना आणि कळून घ्यायचीही नव्हती. सगळं उसवा, जुनं काढा, मग नवं लावा. आणि ते होईपर्यंत घरी जायचं नाव काढायचं नाही, असं ठणकावून त्या गेल्या.

संदेश मशीनपुढे नुसता बसून राहिला. त्याला बाईंचा राग नाही आला, स्वतःचा आला. चाळिशी उलटलेला माणूस, पण त्याला रडू फुटलं. त्याने घरी फोन केला. ज्ञानेश्वरी म्हणाली, "ऱ्हाऊद्या. दीपक भावजी देतील खांदा. तुमी नीट जेवा."

त्या 'नीट जेवा'ने तो आणखीच कासावीस झाला.

चार दिवसांत त्याने दीडशे कोट उसवले. काढलेली जुनी चिन्हं एका पिशवीत घातली, कारण कोकणी माणसाला चिंधीसुद्धा टाकवत नाही. आणि पाचव्या दिवशी सकाळी बाहेर गलका झाला. तो वर जाऊन बघतो तर बोटीच्या नाकावर नवं नाव रंगवणारे लोक डबे खाली ठेवून उभे. नाव अर्धंच झालेलं. युरोपातल्या गोदीवाल्यांनी कळवलं होतं की नवी बोट वर्षभर तरी तयार होत नाही. नवी नाही म्हटल्यावर थोरली आपली जुनी कशाला सोडते? बोट होती तिथेच राहणार, जुन्या नावाने.

सिल्व्हानाबाई धावत खाली आल्या. चेहरा पांढराफटक. आठवड्यात प्रवासी चढणार आणि अकराशे खिशांवर परक्या घरचं चिन्ह! संदेशने एक कोट उचलला, लांब टाक्याचा धागा धरला आणि ओढला. नवं चिन्ह अलगद हातात आलं. खाली थोरलीचं जुनं जसंच्या तसं, एक दोरा हललेला नाही.

बाई खो खो हसल्या. "माझं ऐकून सगळे उसवले असतेस तर?"

"दीडशे ऐकलेत," संदेश म्हणाला. "ते शिवतो परत."

तीन दिवसांत सगळं आटोपलं. त्याच्या सुटीच्या कागदावर बाईंनी स्वतः सही आणून दिली. पालखीच्या दिवशी पहाटे तो सावर्ड्याच्या स्टेशनावर उतरला आणि रिक्षाने वाडीत पोचला, तेव्हा ज्ञानेश्वरी अंगण सारवत होती. तिने वर पाहिलं, शेणाचा हात तसाच कपाळाला लावला आणि हसत म्हणाली, "पाय नका टाकू. वला हाय."

दुपारी ढोल वाजत पालखी आली. दीपक न सांगता बाजूला झाला आणि संदेशने खांदा दिला. पालखी नाचली, मनसोक्त नाचली. तीन खेपांचं साचलेलं त्याच्या पायांतून बाहेर पडत होतं. मग पालखी टेकली, ज्ञानेश्वरीने ओटी भरली, आणि गावचे मानकरी आप्पा देवाला गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. वय ऐंशीच्या घरात. गाऱ्हाणं घालताना ते डोळे मिटतात आणि मग जगात देव आणि ते दोघंच.

"बा देवा म्हाराजा! ह्या घरची पोरंबाळं सुखी ठेव..."

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"आनि ह्या घरचा संदेश लांब दर्यावर हाय. त्येच्या बोटीला सांबाळ, त्येला सुखरूप घरी आन रं म्हाराजा!"

पोरं फिदीफिदी हसायला लागली. दीपक पुढे होऊन म्हणाला, "आप्पा, अवो दादा हितंच हाय, तुमच्या बाजूला!"

आप्पांनी एक डोळा उघडला, संदेशला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पुन्हा मिटला. "देवाला सांगितलेला परत घ्यायचा नाय. फुडल्या खेपंला लागंल त्याला."

तीन शिमगे आपल्यामागे ह्या अंगणात काय बोललं जात होतं, ते संदेशला आज पहिल्यांदा ऐकू आलं. सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने तोच ओरडला, "व्हय म्हाराजा!"