अध्यक्षांच्या कोळंब्या

आमच्या वारज्यातल्या सोसायटीचे अध्यक्ष घरी शोभेच्या लाल कोळंब्या पाळतात. सभा ते स्वतःच्या दिवाणखान्यातच घेतात, म्हणजे आलेल्याला आधी ती काचेची टाकी पाहावी लागते. प्रत्येक वाक्याआधी ते ‘आपण समजून घ्या’ म्हणतात आणि पुढे समजून घेण्यासारखं काहीच येत नाही. कोळंब्यांमधलं मात्र त्यांना खरंच कळतं. पाणी बिघडलं की कोळंब्यांचा रंग फिका पडतो, म्हणून हे गृहस्थ रोज सकाळी टाकीत यंत्र बुडवून पाण्यातले क्षार मोजतात.

गेल्या महिन्यात सोसायटीत टँकरचं पाणी पिवळसर येऊ लागलं. तळमजल्यावरच्या वहिनींची मुलगी आठवडाभर जुलाबांनी हैराण होती. वहिनी नळाच्या पाण्याची बाटली घेऊनच सभेला आल्या. अध्यक्षांनी ती उजेडात धरूनसुद्धा पाहिली नाही.

“आपण समजून घ्या, वहिनी. पाणी उत्तम आहे. मुलं काहीबाही तोंडात घालतात.”

माझं डोकं फिरलं. मी बाटली उचलली, झाकण काढलं आणि त्यांच्या टाकीवर तिरकी केली.

“अहो, काय करताय!” त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं. “टँकरचं आहे ते! मरतील त्या सगळ्या!”

त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं.

“म्हणजे, त्यांची प्रकृती फार नाजूक असते.”

“माझी मुलगी दीड वर्षाची आहे,” वहिनी म्हणाल्या.

अध्यक्षांनी आधी टाकीचं झाकण लावलं.